ज्यूंचं नाटक कृष्णवर्णीय पोरांनी बसवलं, आणि न्यूयॉर्कच्या शाळेत वाद पेटला

शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पुठ्ठ्याची तलवार, निसटणारी मिशी आणि विंगेतून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतक्या जोरात प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाई. यावरून सहसा कुणी भांडत नाही.

पण 1969 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या 'ज्युनिअर हायस्कूल 275' या शाळेत भांडण झालं. नाटक होतं 'फिडलर ऑन द रूफ'.

आधी या नाटकाविषयी. शोलेम अलेखेम या लेखकाने यिडिश भाषेत लिहिलेल्या कथांवरून हे संगीत नाटक तयार झालं आणि 1964 मध्ये ब्रॉडवेवर आलं. काळ 1905 चा, झारच्या रशियातलं अनातेव्का नावाचं गाव. तेव्ये हा गरीब ज्यू दूधवाला, त्याला पाच मुली. थोरलीचं लग्न तो वयाने बऱ्याच मोठ्या, पैसेवाल्या खाटकाशी ठरवतो. (आपल्या देवलांचं 'संगीत शारदा' आठवलं ना? ते 1899 चं.) इथे मात्र पोरगी गरीब शिंप्याच्या प्रेमात असते आणि बाप नमतो. दुसरी एका क्रांतिकारकामागे जाते, तिसरी ख्रिश्चन मुलाशी लग्न करते. शेवटी झारचा हुकूम येतो आणि अख्खं गाव घरदार सोडून निघतं.

आता यात वाद कसला?

तर त्यासाठी एक वर्ष मागे जावं लागतं. ही शाळा ब्राउन्सव्हिल वस्तीतली. एकेकाळी ही वस्ती ज्यू कामगारांची होती. 1960 च्या दशकापर्यंत ते बहुतेक बाहेर पडले आणि तिथे कृष्णवर्णीय आणि प्यूर्टो रिकन कुटुंबं राहायला आली. पोरं बदलली, पण शिकवणारे बरेचसे गोरेच राहिले आणि त्यात ज्यू मोठ्या संख्येने होते. आमच्या शाळा आमच्या हातात द्या, अशी पालकांची मागणी होती. म्हणून शेजारच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागातल्या काही शाळा प्रयोग म्हणून स्थानिक मंडळाकडे सोपवल्या गेल्या.

मे 1968 मध्ये या मंडळाने शिक्षक आणि अधिकारी मिळून 19 जणांना आमच्या शाळांतून जा असं कळवलं. ते जवळपास सगळे गोरे होते. शिक्षक संघटना खवळली आणि त्या वर्षी शहरभर संप झाला. थांबत-सुरू होत तो नोव्हेंबरपर्यंत चालला, शाळेचे 36 दिवस बुडाले, सुमारे दहा लाख मुलं घरी बसली. याच काळात ज्यूंविरोधी पत्रकंही फिरली. ज्यू आणि कृष्णवर्णीय खरं तर नागरी हक्कांच्या लढ्यातले सोबती, पण आता एकमेकांकडे संशयाने बघायला लागले.

आणि नेमक्या याच वातावरणात रिचर्ड पिरो या नाट्यशिक्षकाने 'फिडलर' काढलं. कलाकारांत बहुतेक पोरं कृष्णवर्णीय आणि प्यूर्टो रिकन. तेव्येचं काम करणारा मुलगाही कृष्णवर्णीय.

शाळेतल्या ज्यू शिक्षकांमधूनच याला विरोध झाला. भीती अशी, की ही पोरं आमच्या आजी-आजोबांची टिंगल करतील. बाहेरून बघताना हा विरोध क्षुद्र वाटतो, पण संपात शिव्या खाल्लेल्या माणसाला ती भीती खरीच वाटत असणार. आणि दुसरी बाजू? गरिबी, मुलींची काळजी, डोक्यावरचं छप्पर कधीही जाईल ही धास्ती. हे ब्राउन्सव्हिलच्या पोरांना वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती.

नाटक कोणाचं, यावरून आणखी एक किस्सा आहे. 'फिडलर' जपानमध्ये बसवलं गेलं तेव्हा तिथल्या निर्मात्याने लेखक जोसेफ स्टाइन यांना विचारलं होतं, की हे इतकं जपानी नाटक अमेरिकेत लोकांना कळतं का?

ब्राउन्सव्हिलमध्ये विरोध झाला, तरी नाटक झालंच. एबीसी वाहिनीने या सगळ्यावर माहितीपट केला आणि 1971 मध्ये पिरो यांचं 'ब्लॅक फिडलर' हे पुस्तक आलं. मूळ नाटक तेव्हाही ब्रॉडवेवर चालूच होतं. 1972 मध्ये ते थांबलं तोवर 3,242 प्रयोग झाले होते. शाळेतल्या प्रयोगांची यात मोजणी नाही.