बटाट्याची साल आणि राज्यकारभार

साध्या सुरीने बटाटा सोलताना साल किती जाड निघावी, हा एरवी गृहिणीच्या हाताचा प्रश्न. परंतु दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तो राज्यकारभाराचा प्रश्न होऊन बसला. युद्धापूर्वी त्या देशाचे निम्म्याहून अधिक अन्न समुद्रमार्गे येत असे, आणि आता जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत होत्या. गव्हासाठी जहाजे लागत. बटाटा घरच्या मातीत पिके. म्हणून १९४० साली अन्नमंत्री झालेल्या लॉर्ड वुल्टन यांच्या खात्याने ‘पोटॅटो पीट’ नावाचे बटाट्याचे हसरे व्यंगचित्र पुढे करून, बटाटे सालीसकटच उकडावेत, असा प्रचार चालविला. सुरीखाली सालीबरोबर गरही जातो, हे त्यामागील साधे गणित. स्वयंपाकघरातील टाकाऊ अन्न डुकरांच्या खाद्यासाठी गोळा होई, तरी माणसाच्या तोंडचा घास त्यात जाऊ नये, ही दक्षता होती. विशेष हे की, युद्धकाळात बटाट्याचे रेशनिंग झालेच नाही. ते आले शांततेच्या काळात, १९४७ साली, कडाक्याच्या हिवाळ्यानंतर. रेशनिंगचा हुकूम दुकानापर्यंत पोहोचतो. सुरीच्या पात्यापर्यंत मात्र शासनाला विनंती करीतच जावे लागते.