परमुलखातील पेन्शनपुरे



आपल्या बेळगावला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणण्याची जुनी चाल आहे. तीत थोडी थट्टा आहे, पण एक व्यवहारही आहे. नोकरी संपली, महिन्याकाठी हाती येणारी रक्कम ठरून गेली, की माणूस दोनच प्रश्न विचारू लागतो: हवा कशी आहे आणि भाजी काय भावाने मिळते? पुण्यास, बडोद्यास, इंदुरास आणि आमच्या कॅम्पाच्या आसपास निवृत्त मंडळींनी जी घरे बांधली, त्यांच्या पायात हेच दोन प्रश्न पुरलेले आहेत. हा हिशेब देशाची सीमा ओलांडून मांडावयाचा झाला, म्हणजे मात्र त्यात आणखी दोन रकमा येऊन बसतात. एक हुंडणावळीचा दर आणि दुसरी परक्या सरकारची मर्जी. मलेशिया, थायलंड, फिलिपिन्स या उष्ण कटिबंधातील देशांत गेल्या चाळीस वर्षांत परदेशी पेन्शनरांच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांचा इतिहास म्हणजे या दोन रकमांचाच इतिहास होय.

त्याचा आरंभ मात्र फार जुना आहे. 1786 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सिस लाइट याने पिनांग बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचे निशाण रोवले. बेटाच्या मधोमध असलेल्या डोंगरावर लौकरच वाट पाडण्यात आली आणि वर बंगले बांधले गेले. ब्रिटिशांनी पूर्वेकडे वसविलेल्या अगदी पहिल्या थंड हवेच्या ठिकाणांत या डोंगराची गणना होते. हिंदुस्थानातील उन्हाने आणि तापाने खंगलेल्या कंपनीच्या नोकरांना हवापालटासाठी हे बेट उत्तम, अशी त्याची ख्याती झाली. गंमत अशी की, ज्याने ते वसविले तो लाइट स्वतः 1794 मध्ये तेथेच हिवतापाने गेला. जॉर्जटाउनच्या जुन्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत त्याची कबर आहे, आणि तिच्या आजूबाजूला ऐन उमेदीत गेलेल्या कितीतरी गोऱ्यांच्या कबरी आहेत. त्या काळी उष्ण मुलखात म्हातारे होण्याची पाळी फार थोड्यांवर येई.

येथे जाता जाता एक धागा आपल्याकडचाही सांगण्यासारखा आहे. जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, 1828-29 च्या सुमारास, महाबळेश्वर इंग्रजांचे गिरिस्थान झाले. तेथे मेहनतीची कामे करावयास जे कैदी आणले होते, त्यांत चिनी आणि मलायी कैदी होते. महाबळेश्वरास विलायती भाज्या आणि बटाटे पिकविण्यात या लोकांचा मोठा हात होता. ज्या समुद्रापलीकडे साहेब हवा खावयास जात होता, तेथलेच लोक बेड्या घालून त्याच्या दुसऱ्या हवेच्या ठिकाणी खपत होते! स्वस्त आणि सुखाच्या जागेची सोय कोणाच्या श्रमावर होते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मलायातील कॅमेरन हायलँड्स हे याच परंपरेतले पुढचे ठाणे. विल्यम कॅमेरन नावाच्या सरकारी सर्वेक्षकाला 1885 मध्ये हे पठार आढळले. परंतु चाळीस वर्षे तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1925 नंतर जॉर्ज मॅक्सवेल याच्या पुढाकाराने रस्ता, बंगले, शेतीचे प्रयोग यांना गती मिळाली. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंची, दिवसा सौम्य ऊन, रात्री पांघरूण हवेसे वाटावे अशी थंडी. रबराच्या मळ्यांवर आणि सरकारी कचेऱ्यांत उमर घालविलेल्या गोऱ्यांनी विलायतेस परत न जाता येथेच घर करावे, गुलाब आणि स्ट्रॉबेरी लावाव्या, अशी कल्पना होती. ती फळास येण्यापूर्वी जपानी सैन्य आले, मग कम्युनिस्टांचे बंड आले, आणि 1957 मध्ये मलाया स्वतंत्र झाला. बंगले राहिले, त्यांत म्हातारपण काढावयाचे मनसुबे ज्यांनी केले होते, ते बहुतेक जण निघून गेले. सत्तेच्या आधारावर मांडलेला निवृत्तीचा बेत सत्तेबरोबरच आटोपला.

यानंतरच्या बेतांना सत्तेचा आधार नव्हता. होता तो केवळ बळकट नाण्याचा. त्यांची दोन मुळे जवळजवळ एकाच वर्षात सापडतात. फिलिपिन्समध्ये ऑगस्ट 1983 मध्ये बेनिग्नो अक्विनो यांचा खून झाला, भांडवल देशाबाहेर पळाले, कर्जफेड थांबली आणि 1984 व 1985 या दोन्ही वर्षी देशाचे उत्पन्न घसरले. परकी चलनाच्या त्या दुष्काळात अध्यक्ष मार्कोस यांनी 4 जुलै 1985 रोजी हुकूम काढून परदेशी निवृत्तांसाठी एक स्वतंत्र सरकारी मंडळ स्थापिले. डॉलरची ठेव आणा आणि हवे तितके दिवस राहा, असा तो सौदा होता. अमेरिकन लष्करातले पुष्कळ लोक निवृत्तीनंतर तेथेच राहिलेले होते. इंग्रजी सर्वत्र चाले. आणि अमेरिकेबाहेर माजी सैनिकांसाठी चालविलेला अमेरिकन सरकारचा एकमेव दवाखाना मनिलातच आहे. तेव्हा गिऱ्हाईक दारातच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे मूळ जपानात. सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरविण्याचे ठरविले. त्यापूर्वी एका डॉलरला सुमारे 240 येन पडत. 1987 च्या अखेरीस ते 120 च्या आसपास आले. जपानी पेन्शनरने काहीही न करता परदेशातील त्याच्या पेन्शनीची किंमत दुप्पट झाली. 1986 मध्ये जपानच्या व्यापार आणि उद्योग खात्याने ‘सिल्व्हर कोलंबिया’ नावाची योजना जाहीर केली. 1992 साली कोलंबसाच्या सफरीस पाचशे वर्षे पूर्ण व्हावयाची होती, म्हणून हे नाव. वृद्धांनी परदेशी वसाहती करून स्वस्ताईत आणि ऐसपैस राहावे, असा तिचा आशय. योजनेवर देशात आणि परदेशातही टीकेची झोड उठली. मोटारी आणि दूरचित्रवाणीचे संच निर्यात करून पोट भरले नाही, म्हणून आता जपान आपले म्हातारे निर्यात करणार काय, असा सवाल विचारण्यात आला. तो झोंबणारा होता, कारण त्यात तथ्य होते. सरकारने मग शब्द मवाळ केले. वसाहत हा शब्द गेला, ‘दीर्घ मुक्काम’ हा आला आणि 1992 मध्ये त्या कामासाठी लाँग स्टे फाउंडेशन स्थापन झाले. 2006 पासून दहा वर्षांहून अधिक काळ त्या संस्थेच्या पाहणीत जपानी लोकांची पहिली पसंती मलेशियाला मिळत गेली. मॅक्सवेलने गोऱ्यांसाठी योजिलेल्या कॅमेरन हायलँड्सवर आता जपानी आजी-आजोबा उन्हाळा टाळण्यासाठी येऊन राहू लागले.

मला यात एक विसंगती नेहमी टोचते. 2008 पासून इंडोनेशियातून, 2009 पासून फिलिपिन्समधून आणि 2014 पासून व्हिएतनाममधून तरुण परिचारिका आणि शुश्रूषा करणारे लोक करार करून जपानात जाऊ लागले. त्यांना जपानी भाषेतून परीक्षा द्यावी लागे. म्हणजे सेवा करणारे हात उत्तरेकडे चालले होते आणि सेवेची गरज असलेली माणसे दक्षिणेकडे.

मलेशियाने 1996 मध्ये पन्नाशी उलटलेल्यांसाठी ‘रुपेरी केस’ या अर्थाच्या नावाची योजना काढली. 2002 मध्ये तिचेच रूप पालटून ‘मलेशिया माझे दुसरे घर’ ही योजना आली. दहा वर्षांचा परवाना, बँकेत ठेव, दरमहा दहा हजार रिंगिट परदेशी उत्पन्न अशा अटी होत्या आणि मध्यमवर्गी जपानी वा इंग्रज निवृत्ताला त्या झेपण्यासारख्या होत्या. पिनांगच्या समुद्राकाठी उंच इमारतींतून असे हजारो संसार मांडले गेले. इंग्रजी बोलणारे डॉक्टर, चांगली इस्पितळे आणि कोपऱ्यावर थोड्या पैशांत पोटभर नूडल्स किंवा केळीच्या पानावरचा भात. दुसऱ्या घराचे सुख म्हणतात ते हेच.

परंतु ‘घर’ हा शब्द योजनेच्या नावात होता, परवान्यात नव्हता. हा भेद 2020 च्या मार्चमध्ये उघडा पडला. महामारीमुळे मलेशियाने सीमा बंद केल्या, तेव्हा मुलांना भेटावयास म्हणून मायदेशी गेलेले कितीतरी परवानेधारक बाहेरच अडकले. भाडे चालू, कपडे कपाटात, औषधांच्या चिठ्ठ्या टेबलावर, आणि स्वतःच्या दारापर्यंत जाण्यास परवानगी नाही. ऑगस्ट 2020 मध्ये योजनाच स्थगित झाली. वर्षाने ती नव्या अटींसह जाहीर झाली तेव्हा उत्पन्नाची अट दहा हजारांवरून चाळीस हजार रिंगिटांवर गेली होती, ठेव दहा लक्ष रिंगिटांची झाली होती आणि परवान्याची मुदत दहा वर्षांची पाच झाली होती. जोहोरच्या सुलतानांनीही या अटींबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. जुन्या परवानेधारकांना नव्या आर्थिक अटी लावू नयेत, असे सरकारने नंतर ठरविले. पण मधले आठवडे सत्तरीतल्या माणसांनी कसे काढले असतील, याची कल्पनाच करावी. 2024 मध्ये पुन्हा नवी श्रेणी आली: रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम. सर्वांत खालच्या रौप्य पायरीलाच दीड लक्ष डॉलरची ठेव लागते. 1996 मध्ये रुपेरी होते ते केस. आता रुपेरी आहे ती रक्कम. आपल्याकडील मास्तर वा कारकून निवृत्तांनी या जाहिराती केवळ करमणुकीसाठी वाचाव्या.

याचा दोष केवळ मलेशियाच्या सरकारला देणे मात्र अन्यायाचे होईल. परक्या म्हाताऱ्यांच्या पैशाने घरांच्या किमती चढल्या, तर पिनांगच्या तरुणाने कोठे राहावे, हा प्रश्नही खरा आहे. फिलिपिन्समध्ये तर किमान वय 35 ठेवल्यामुळे निवृत्तीच्या परवान्यावर धट्टेकट्टे लोक येऊ लागले. सिनेटमध्ये ओरड झाली, ऑक्टोबर 2020 मध्ये अर्ज घेणे थांबले आणि 2021 मध्ये वयाची अट पन्नासवर नेण्यात आली. पुढे ती पुन्हा खाली आली. पैसा हवा आणि माणसे नकोत, अशा ओढाताणीत कायदा कधी इकडे झुकतो, कधी तिकडे.

थायलंडची कथा हुंडणावळीची आहे. पन्नास वर्षे पुरी झालेल्या परदेशीयाने आठ लक्ष बाट बँकेत ठेवावे किंवा दरमहा 65 हजार बाट उत्पन्न दाखवावे, दर वर्षी परवाना नवा करून घ्यावा आणि दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारात कळवावा, अशी तेथील रीत. जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, तीही इमारतीच्या 49 टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणून पुष्कळांनी गावाकडे घर बांधले ते थाई पत्नीच्या नावावर. जुलै 1997 मध्ये बाट कोसळला आणि जानेवारी 1998 पर्यंत 25 चा डॉलर पन्नासच्या वर गेला, तेव्हा बँकॉकच्या कारकुनाची नोकरी गेली आणि परदेशी पेन्शनरचे दिवस पालटले. एकाची विपत्ती ती दुसऱ्याची स्वस्ताई, हे येथे जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसते.

पण पारडे फिरते. 2007 च्या सुमारास एका पौंडाला सत्तरच्या आसपास बाट मिळत. ब्रिटनने युरोप सोडण्याचा कौल दिल्यानंतर, 2019 पर्यंत, ते चाळिसाच्याही खाली आले. त्यात ब्रिटिश सरकारचा एक विचित्र नियम. सरकारी पेन्शनीत दर वर्षी होणारी वाढ थायलंडात किंवा मलेशियात राहणाऱ्याला मिळत नाही. फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याला करारामुळे मिळते. 2000 साली पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला 67 पौंड 50 पेन्स होती. ती घेऊन त्या वर्षी चिआंग माईला गेलेला गृहस्थ आज नव्वदीला आला असला, तरी त्याला तेवढेच मिळतात. त्याच्या इंग्लंडमधल्या भावाची तीच पेन्शन 2024 मध्ये 169 पौंड 50 पेन्स झाली होती. ऑक्टोबर 2019 पासून एका प्रकारच्या परवान्यासाठी आरोग्यविमा सक्तीचा झाला, आणि सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला विमा कंपनी दारात उभी करीत नाही. चिआंग माईच्या थंड, निर्मळ हवेची कीर्ती ऐकून गेलेल्यांना दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल शेते आणि राने जाळल्याच्या धुरात श्वास घ्यावा लागतो, तो भाग वेगळाच.

परत फिरावे, तर तेही सोपे नाही. घर विकून आलेल्याला मायदेशी घर नसते. बायकोच्या नावावरचे थाई घर पाठीवर घेऊन जाता येत नाही. ज्या शेजाऱ्यांच्या भरवशावर जावे, ते केव्हाच गेलेले असतात. जपानी पेन्शनरांपुढे आज नेमका हाच पेच आहे. 2024 च्या उन्हाळ्यात एका डॉलरला 160 हून अधिक येन मोजावे लागले. येन इतका खाली त्यापूर्वी गेला होता तो 1986 च्या अखेरीस, सिल्व्हर कोलंबिया योजना जाहीर झाली त्याच वर्षी.