गायरानावरचा गोल्फ

गोल्फ म्हटले की आपल्याला आधी कुंपण आठवते. फाटक, पहारेकरी आणि सभासदांखेरीज प्रवेश नाही अशी पाटी. त्यामुळे जगातले सर्वांत नावाजलेले गोल्फचे मैदान कुठल्याही क्लबच्या मालकीचे नाही, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थाप वाटते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा 'ओल्ड कोर्स' हे ते मैदान. छायाचित्रांत त्याच्या तोंडाशी जी भारदस्त दगडी इमारत दिसते ती रॉयल अँड एन्शंट क्लबची. पण इमारतीच्या पायऱ्या उतरल्या की पुढची हिरवळ गावाची.

मी खेळाचा अभ्यासक नव्हे. गायरान आणि चराईच्या हक्कांचे जुने कज्जे वाचण्याचा मला नाद आहे आणि त्या वाटेने मी या मैदानापाशी पोचलो. तिथे खेळायला जाणाऱ्याने नियमांचे पुस्तक उघडण्याआधी जमिनीचे कागद वाचावेत, असे माझे मत आहे. तिथला जवळपास प्रत्येक चमत्कारिक रिवाज कुठल्या तरी वहिवाटीतून नाहीतर भांडणातून आलेला आहे.

समुद्र आणि पिकाऊ जमीन यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचा, खुरट्या गवताचा जो पट्टा असतो त्याला स्कॉटलंडमध्ये 'लिंक्स' म्हणतात. पीक येत नाही म्हणून तो पट्टा सगळ्यांचा. 1457 साली दुसऱ्या जेम्सच्या काळात तिथल्या पार्लमेंटने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसत. बंदी पुढे दोनदा पुन्हा घालावी लागली, यावरून ती किती पाळली गेली ते कळते.

माझ्या दृष्टीने खरा कागद 1552 सालचा. आर्चबिशप जॉन हॅमिल्टनला लिंक्सवर ससे पाळायचे होते. गावाने परवानगी दिली; पण त्याच सनदेत गावाचे हक्क लिहून घेतले. गुरे चारणे, गवताची ढेपळे काढून नेणे, गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर सगळे खेळ. चराई आणि खेळ एकाच दमात आलेले आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. खेळ ही हौस म्हणून वेगळी काढलेली नाही. सरपण-चाऱ्यासारखाच तो एक हक्क आहे. हॅमिल्टन पुढे 1571 साली फासावर गेला. ससे राहिले.

त्या सशांनीच पुढे घात केला. 1797 साली गावाची नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने लिंक्स विकून टाकली. खेळाचा हक्क राखून ठेवला होता खरा, पण दोनच वर्षांत जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे आली आणि त्यांनी मांस व कातड्यांसाठी सशांची पैदास सुरू केली. जिकडे तिकडे बिळे, चेंडू दिसेना. प्रकरण कोर्टात गेले. 1805 मध्ये गावकऱ्यांना ससे मारण्याची मुभा मिळाली, तरी दावा लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत रेंगाळला. अखेर 1821 साली शेजारच्या स्ट्रॅथटायरमच्या जेम्स चीप या जमीनदाराने लिंक्स विकत घेतली आणि गोल्फ वाचला. 1893 मध्ये चीप घराण्याकडून ती रॉयल अँड एन्शंट क्लबने घेतली. इथे आपल्याकडची गोष्ट संपली असती. तिथे मात्र पुढच्याच वर्षी, 1894 साली, पार्लमेंटचा खास कायदा करून गावाने जमीन परत घेतली. क्लबने शेजारी स्वतःच्या खर्चाने दुसरे मैदान आखून दिले आणि बदल्यात खेळाच्या काही वेळा राखून घेतल्या. 1946 पर्यंत गावकऱ्याला खेळायला पैसे पडत नसत. 1974 पासून कायद्याने स्थापन झालेला एक ट्रस्ट सगळा कारभार पाहतो.

मैदानाचा आकारही या वहिवाटीतूनच आला. पूर्वी एका अरुंद वाटेने समुद्राच्या अंगाने जायचे आणि त्याच वाटेने, त्याच खळग्यांत चेंडू टाकत परत यायचे. फेरी 22 खळग्यांची होती. 1764 मध्ये सुरुवातीच्या चारांचे दोन केले. जाता-येता ते दोनदा धरले जात, म्हणून 22 चे 18 झाले. आज सगळ्या जगात 18 चा आकडा आहे तो एवढ्याशा घरगुती दुरुस्तीतून.

मग चेंडू स्वस्त झाला. पिसे ठासून शिवलेल्या कातडी चेंडूच्या जागी 1848 च्या सुमारास मलायातल्या गटापर्चा या झाडाच्या चिकाचा चेंडू आला. त्याची एक कथा सांगतात, ती आपल्याला गंमतीची वाटेल. सेंट अँड्र्यूजला विष्णूची एक मूर्ती पूर्वेकडून आली, ती या चिकाच्या तुकड्यांत बांधलेली होती आणि त्या बांधणीतूनच पहिला चेंडू वळला गेला. कथा जरा जास्तच गोळीबंद आहे. मी ती कथा म्हणूनच सांगतो. मुंबईचा धागा मात्र पक्का आहे. 1842 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गोल्फ मंडळीने सेंट अँड्र्यूजच्या क्लबला एक रौप्यपदक भेट दिले आणि ते 'बॉम्बे मेडल' म्हणून ओळखले जाते.

चेंडू स्वस्त झाल्यावर गर्दी वाढली. जाणारे-येणारे एकाच खळग्यावर आमनेसामने येऊ लागले. तेव्हा वाट रुंद केली आणि एकेका ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या तासलेल्या हिरवळीवर, दोन दोन खळगे पाडले. अशा जोडग्रीन आजही सात आहेत. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा अशा त्यांच्या जोड्या. बेरीज प्रत्येक वेळी 18. नवख्याने एवढे ध्यानात ठेवावे की जाताना पांढरे निशाण आपले, येताना लाल. चुकीच्या निशाणावर सुरेख फटका मारणारे पाहुणे रोज निघतात.

आता प्रवेश. वेळ वर्षभर आधी मागता येते, पण बऱ्याच वेळा सोडतीवर जातात. किमान दोघांनी मिळून दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावे द्यायची. निकाल त्याच दिवशी लागतो. खेळाचे किमान कौशल्य दाखवणारा हँडिकॅपचा दाखला हवा. एकटा माणूस पूर्वी पहाटेच्या अंधारात रांग लावी. 2024 पासून त्याच्यासाठीही रोजची सोडत आहे. भर हंगामात पाहुण्याला एका फेरीचे तीनशे पौंडांहून अधिक पडतात, तर गावकऱ्याचे वर्षभराचे तिकीट काही शे पौंडांत होते. हा भेद मला खटकत नाही. गायरानात परगावच्या गुरांना जास्त चराई लागायचीच. सोडत मात्र दोघांनाही आहे, आणि सोडतीत ओळख चालत नाही.

रविवारी मैदान बंद. मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर त्या दिवशी तिथे गोल्फ नाही. गाव फिरायला येते, कुत्री धावतात, मुले वाळूत खेळतात. एकोणिसाव्या शतकात मैदानाची निगा राखणारा ओल्ड टॉम मॉरिस म्हणे, माणसांना नको असला तरी जमिनीला विसावा हवा. मी तिथे रविवारीच चाललो आहे आणि खेळणाऱ्यालाही माझा सल्ला तोच राहील. सोमवारची वेळ मिळाली असेल तर आदल्या दिवशी उलटे चाला, शेवटच्या ग्रीनपासून सुरुवातीकडे. मैदानावर 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे आहेत आणि टीवरून, फटका मारण्याच्या जागेवरून, त्यांतले कितीतरी दिसतच नाहीत. पूर्वी हे मैदान उलट दिशेनेही खेळले जाई. पुष्कळ खड्डे त्या खेळासाठी आहेत. उलटे चालले की ते उघडे पडतात.

खेळताना शंका आली की डावीकडे मारावे. उजव्या अंगाला हद्द आहे. पहिल्या ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन ओढा आहे, तेव्हा तिथे फटका थोडा लांबच पडू द्यावा. पहिल्या आणि अठराव्या पट्टीला आडवा छेदून ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा सार्वजनिक रस्ता जातो. तिथून कोणी आजीबाई पिशवी घेऊन निघाल्या तर थांबायचे ते खेळणाऱ्याने. सतराव्या ग्रीनच्या मागेही रस्ता आहे, आणि चेंडू त्यावर गेला तर तो डांबरावरूनच मारायचा. रस्ता खेळाचाच भाग. त्याच ग्रीनला बिलगलेल्या खड्ड्यात 1978 च्या ओपन स्पर्धेत जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवरून घरंगळत गेला आणि चारच्या जागी त्याला नऊ फटके लागले.

एक काळी बाजू सांगायलाच हवी. जमीन गावाची असली तरी काठावरचा क्लब पुरुषांचाच राहिला. बायकांना सभासद करून घ्यायला त्याला 2014 उजाडावे लागले. गावातल्या बायकांनी 1867 मध्येच आपली मंडळी स्थापन केली होती. त्यांचे 'हिमालयाज' नावाचे, चढउतारांचे छोटे मैदान ओल्ड कोर्सला लागूनच आहे. तिथे कोणीही थोडे पौंड देऊन चेंडू घरंगळवू शकतो. मीही घरंगळवला. दाखला कोणी विचारला नाही.

अमेरिकेचा बॉबी जोन्स 1921 साली इथल्या अकराव्या खळग्याच्या बंकरमध्ये अडकला, संतापला आणि त्या फेरीचे गुणपत्रक न दिल्यामुळे स्पर्धेतून बाद झाला. 1927 मध्ये इथेच ओपन जिंकला. 1958 साली गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले. अमेरिकन माणसाला हा मान त्याआधी एकदाच, 1759 साली, बेंजामिन फ्रँकलिनला मिळाला होता. जोन्स तेव्हा पाठीच्या कण्याच्या दुखण्याने खेळायचा कायमचा थांबला होता. या नागरिकत्वासोबत कोणते हक्क येतात तेही त्याला सांगण्यात आले: लिंक्सवरचे ससे धरणे, गवताची ढेपळे काढून नेणे, आणि पहिल्या व शेवटच्या पट्टीवर धुतलेले कपडे वाळत घालणे.