स्वस्त चिनी ई-स्कूटर अडली तर...

उन्हाळ्याची सुटी संपवून विद्यार्थी लातूरच्या ट्यूशन एरियात परततात, तेव्हा एक दृश्य हमखास दिसते. खोलीच्या जिन्याखाली दीड-दोन महिने उभी असलेली बॅटरीवरची स्कूटर बाहेर काढली जाते, चावी फिरवली जाते आणि मीटरवर दिवाच लागत नाही. लागला तरी शंभर पावलांत गाडी मान टाकते. नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या परिसरातही निराळे चित्र नसते. गाडी ढकलत जवळच्या गॅरेजात न्यावी, तर मिस्त्री हात वर करतो. ज्या दुकानातून ती घेतली, त्या दुकानाचे शटर अनेकदा कायमचे खाली आलेले असते.

या गाड्यांवर लातूरचा एम.एच. २४ नसतो की नांदेडचा एम.एच. २६ नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २ (यू) नुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजनाच्या बॅटरी दुचाकीला मोटार वाहन मानले जात नाही. त्यामुळे नोंदणी नको, परवाना नको, विमाही नको. अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी पालक हीच गाडी का निवडतात, हे वेगळे सांगायला नको. नाव भारतीय असले तरी हबमोटार, कंट्रोलर, मीटर, चार्जर हा ऐवज बहुधा चीनमधील वूशी किंवा तिआनजिन परिसरातील कारखान्यांतून आलेला असतो. येथे त्याची जोडणी होते आणि वर स्टिकर लागतो.

पेट्रोलच्या चिनी मोटारसायकलींची भीती एकेकाळी मोठी होती. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले, तेव्हा देशी दुचाकी उद्योग बुडणार अशी चर्चा होती. तसे घडले नाही. उलट मराठवाड्यातील वाळूजचे नाव ज्या कंपनीशी जोडलेले आहे, तिची 'बॉक्सर' मोटारसायकल आफ्रिकेत जाऊन युगांडा, नायजेरियासारख्या देशांत चिनी गाड्यांशी स्पर्धा करू लागली. चिनी माल मराठवाड्याच्या रस्त्यावर आला तो वेगळ्या वाटेने, बॅटरीवर चालून.

आधी साध्या गोष्टी

गाडी बंद पडली की पहिला संशय मोटारीवर जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा त्याहून फार लहान जागी असतो. मीटर मुळीच लागत नसेल तर सीटखालचा एमसीबी पडला आहे का आणि फ्यूज शाबूत आहे का, हे पाहावे. चावीच्या स्विचमागील कपलर सैल झाला असण्याचीही शक्यता असते. लातूर-नांदेडच्या काळ्या मातीची बारीक धूळ कपलरमध्ये बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. कपलर उघडून कोरड्या ब्रशने साफ करून घट्ट बसवला, तरी पुष्कळ गाड्या सुरू होतात.

मीटर लागते, हॉर्न वाजतो, पण रेस देऊनही गाडी हलत नाही, ही सर्वांत अधिक येणारी तक्रार. ब्रेकच्या दोन्ही दांड्यांमध्ये एकेक लहानसा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटारीचा पुरवठा तोडतो. तो अडकून बसला तर ब्रेक सतत दाबलेलाच आहे, अशी कंट्रोलरची समजूत होते. मागचा ब्रेकदिवा दांडी न दाबताच पेटलेला दिसत असेल तर दोष बहुधा येथेच असतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, मागचे चाक जमिनीपासून मोकळे ठेवावे आणि त्या स्विचचा कपलर सोडवून रेस देऊन पाहावी. चाक फिरले तर निदान झाले. मात्र स्विच तसाच सुटा ठेवून गाडी रस्त्यावर नेऊ नये, कारण ब्रेक लावतानाही मोटार ओढत राहण्याचा धोका असतो.

रेसच्या मुठीत तीन बारीक तारा असतात. लाल तारेत सुमारे ५ व्होल्ट येतात, काळी ऋण असते आणि तिसरी, बहुधा हिरवी, मूठ फिरवताना साधारण १ व्होल्टपासून ४ व्होल्टच्या आसपास चढत जायला हवी. लालमध्ये दाब आहे, पण हिरवी तार ढिम्म, तर मूठ बदलावी. हा सुटा भाग स्वस्त असतो आणि बहुतेक गाड्यांना एकाच पद्धतीचा चालतो. गाडी धावते, पण दिवे आणि हॉर्न बंद, असे असेल तर मोठ्या दाबाचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर गेलेला असतो. त्यासाठी मोटार उघडण्याचे कारण नाही.

खरा रोग बॅटरीत

स्वस्त गाड्यांत बहुधा शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. ४८ व्होल्टच्या गाडीत चार, ६० व्होल्टच्या गाडीत पाच, ७२ व्होल्टच्या गाडीत सहा. प्रत्येक बॅटरी १२ व्होल्टची आणि २० अँपिअर-तासांची असेल तर वजनाने सुमारे ७ किलो भरते. एकामागे एक जोडलेल्या या साखळीत एक बॅटरी कमकुवत झाली की सगळी गाडी तिच्या पातळीवर येते.

उन्हाळ्याच्या सुटीतली गफलत येथेच होते. अर्धी उतरलेली बॅटरी दीड-दोन महिने तशीच पडली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. त्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालील उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. सुटीला जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून एमसीबी पाडून ठेवावा आणि महिन्यातून एकदा कोणाला तरी चार्ज करायला सांगावे. इतके केले तरी हजारो रुपयांचा खर्च पुढे ढकलता येतो.

कोणती बॅटरी गेली हे ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. पूर्ण चार्ज करून काही तास गाडी तशीच ठेवावी. चांगली बॅटरी सुमारे १३ व्होल्ट दाखवते. पण केवळ या आकड्यावर विसंबू नये. चाकावर भार असताना, म्हणजे एकाने गाडी चालवायचा प्रयत्न करताना ब्रेकने थोडे रोखले असता, दुसऱ्याने एकेक बॅटरी मोजावी. इतर १२ च्या आसपास असताना जी झपाट्याने १०.५ व्होल्टखाली घसरते, ती दोषी. जुन्या संचात एकच कोरी बॅटरी घालण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तिला बाकीच्यांच्या तोलाने चालावे लागते आणि ती लवकर खराब होते.

हे काम करताना पाना बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकला तर क्षणात ठिणगी उडून पाना वितळू शकतो. पान्याच्या दांडीला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. हातातील कडे काढायचे नसेल त्यांनी त्यावर रबर किंवा जाड कापड घट्ट बांधावे. ओल्या हातांनी ६० व्होल्टच्या संचाला हात लावू नये.

चार्जरची आणखी एक गोम आहे. ४८, ६० आणि ७२ व्होल्टच्या चार्जरची पिन अनेकदा एकसारखीच असते. मित्राचा ७२ चा चार्जर ६० च्या गाडीला बसतो, हिरवा-लाल दिवाही लागतो आणि आत बॅटऱ्या उकळू लागतात. ६० व्होल्टच्या शिसे-आम्ल संचाला चार्जरचा दाब ७३-७४ व्होल्टच्या वर जाता कामा नये. चार्जरवर ही माहिती छापलेली असते, ती वाचावी. खोलीच्या एकमेव दारात गाडी लावून रात्रभर चार्ज करण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यावर ई-स्कूटर जळाल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि त्यानंतर नोंदणीपात्र ई-दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ या मानकाच्या सुधारित अटी डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. नोंदणीच नसलेल्या गाडीत कोणी बाहेरून आणलेला लिथियम संच बसवून देत असेल, तर त्याची चाचणी कोणी केली, हे विचारायलाच हवे.

मोटार की कंट्रोलर?

चाक ढकलायला जड लागते आणि अडखळत फिरते, असे झाल्यास एमसीबी पाडून गाडी स्टँडवर घ्यावी. कंट्रोलरकडे जाणाऱ्या तीन जाड तारा (बहुधा पिवळी, हिरवी, निळी) सोडवाव्यात, त्यांची टोके एकमेकांना लागू देऊ नयेत. आता चाक मोकळे फिरले तर कंट्रोलर जळालेला आहे. तरीही अडखळले तर दोष मोटारीत किंवा तिच्या तारांत आहे. या पाच मिनिटांच्या चाचणीमुळे नको तो भाग विकत घेणे टळते. चाक थरथरते, पण धाव घेत नसेल तर मोटारीतील हॉल सेन्सरचा संशय घ्यावा. चाक हाताने सावकाश फिरवताना त्याच्या तिन्ही बारीक तारांवर शून्य आणि सुमारे ५ व्होल्ट आलटून पालटून यायला हवेत.

हबमोटारीचे नुकसान अनेकदा पंक्चरच्या दुकानात होते. तारा मागच्या चाकाच्या आसातून बाहेर पडतात. पंक्चरवाला सवयीने नट खोलतो, चाक फिरवतो, तारांना पीळ पडतो. परत बसवताना आस जागेवर धरून ठेवणारा खाचेचा वॉशर उलटा लागला किंवा राहिला, तर जोराची रेस देताच आसच फिरतो आणि तारा तुटतात. ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढताही निघते, तसा आग्रह धरावा.

नवा कंट्रोलर घेताना ब्रँड शोधत बसण्याची गरज नसते. जुन्यावरील लेबलवर व्होल्ट, वॅट, कमाल अँपिअर आणि १२० अंश असे आकडे असतात. ते जुळले आणि कपलर जुळले की भाग चालतो. हे लेबल उन्हाने पुसले जाते, म्हणून गाडी नवी असतानाच मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. कंपनी बंद पडली तरी हैदराबाद किंवा पुण्याहून तो भाग मागवता येतो, तो या आकड्यांच्या जोरावरच.

एका तारेची किंमत

दुरुस्तीला गेलेली गाडी परत देताना 'वेग वाढवून देऊ का?' असे विचारणारे मिस्त्री आहेत. कित्येक कंट्रोलरमध्ये वेगमर्यादेचे काम एखाद्या तारेच्या जोडावर असते. ताशी २५ ची गाडी ४५ ने धावू लागते आणि मालक खूश होतो. पण त्याच क्षणी ती कायद्याने मोटार वाहन ठरते, तीही नोंदणी, विमा आणि परवाना नसलेले. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध तपासणी मोहीम हाती घेतली होती. चालवणारा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. अपघात झाल्यास भरपाई घरातूनच द्यावी लागते. बदल दुकानदाराने विक्रीच्या वेळीच करून दिला असेल, तर पालकाला त्याचा पत्ताही नसतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसवर एकदा मोजून पाहणे एवढाच त्यावर उपाय आहे.

दुकान बंद, दाद कोणाकडे?

केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशी भागांची अट मोडल्याच्या कारणावरून सात ई-दुचाकी कंपन्यांकडे अनुदान परत मागितले, त्यानंतर या व्यवसायात पडझड झाली. तरीही ग्राहक अगदीच निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आयात करून विकणाराही 'उत्पादन विक्रेता' धरला जातो आणि उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचू शकत नसेल, तर सदोष वस्तूची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. 'कंपनीच बंद झाली' हे दुकानदाराचे उत्तर त्यामुळे अखेरचे मानू नये. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीसोबत पक्के बिल, वॉरंटी कार्ड, चेसिस व मोटारीचा क्रमांक आणि गाडीच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत जोडावी. हे प्रमाणपत्र पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचे असते. गाडी घेतानाच ते मागून घ्यावे. टाळाटाळ होत असेल तर ती गाडी दुकानातच राहू द्यावी.