चित्रतुरग आणि काळ्या मातीचा रस्ता

शंकुकाचा चित्रतुरगन्याय आपण रसचर्चेच्या तासाला शिकवतो. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या ज्ञानांहून निराळी असते. वाहनशास्त्राच्या इतिहासातही असा एक चित्रतुरग आहे : प्रयोगशाळेत जागच्या जागी उभी राहून रस्ता भोगणारी गाडी.

तिचे मूळ रेल्वेत सापडते. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि भीषण अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता व्योलर याने धावत्या डब्यांच्या आसांना किती बाक येतो याची नोंद घेतली आणि कार्यशाळेतल्या यंत्रावर आस मोडेपर्यंत फिरवून पाहिले. एका आघातात सहज पेलणारा भार लाखो वेळा परतला, की लोखंड 'थकते', हे त्यातून सिद्ध झाले.

मोटारींच्या चाचणीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच वाट धरली. गाडीला संवेदक लावून ती खऱ्या रस्त्यावर चालवायची, नोंद घ्यायची. मग प्रत्येक चाकाखाली तेलाच्या दाबावर वरखाली होणारा दट्ट्या ठेवून संगणकाद्वारे तो हलवायचा. गाडीचा प्रतिसाद मूळ नोंदीशी जुळेपर्यंत आज्ञा दुरुस्त होत राहते. म्हणजे अनुकरण रस्त्याचे नसते. गाडीने भोगलेल्या रस्त्याचे असते. शिवाय नोंदीतला निरुपद्रवी, गुळगुळीत भाग गाळून महिन्यांचा प्रवास काही दिवसांत बसवतात. कथनातल्या काळसंक्षेपाचेच हे रूप. महाराष्ट्रात अशा चाचण्यांचे प्रमुख केंद्र म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया.

मात्र नोंद कोणत्या रस्त्याची, हा प्रश्न उरतोच. चाचणीपथांवर बेल्जियमच्या दगडी फरसबंदीची प्रतिकृती जगभर रूढ झाली. तिचे धक्के आखूड आणि द्रुत. नांदेड-लातूरकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता लांब, संथ लाटांनी उठतो. फरसबंदी चाकांना आणि सांध्यांना छळते, ही लाट गाडीचे सारे अंग डोलवते. निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ बसगाड्यांनी सरकारी मार्ग परिवहन सुरू झाले. तेव्हापासून या मुलखातल्या रस्त्यांची नोंद मुख्यतः तुटलेल्या पाट्यांत आणि चालकांच्या कमरांत होत आली आहे.

शंकुकावर भट्टतौताने आक्षेप घेतला होता : ज्याने मूळ राम पाहिलाच नाही, त्याला समोरचे रामाचे अनुकरण आहे हे कसे कळावे? रससिद्धान्तात हा आक्षेप निर्णायक ठरला. प्रयोगशाळेला तो अधिकच लागू पडतो. तिथे मूळ पाहण्याची सोय आहे, फक्त गाडी तेवढी आपल्या रस्त्यावर आणावी लागते. जो रस्ता नोंदीत आला नाही, त्याच्यापुरती ती गाडी अपरीक्षितच राहते. आणि उरलेली परीक्षा प्रवासी देतात.