घराच्या नूतनीकरणाचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

राहत्या घराची फरशी, बाथरूम, स्वयंपाकघर, वायरिंग, रंग अशी कामे एकत्र काढणे म्हणजे घराचे नूतनीकरण. जुन्या इमारतींतील फ्लॅटमध्ये ही वेळ कधी ना कधी येतेच. पाच लाखांचा अंदाज धरून सुरू केलेले काम सात लाखांवर गेले की महागाईला किंवा ठेकेदाराला बोल लावला जातो. पण अंदाज चुकण्याचे एक मोठे कारण म्हणजे काम सुरू झाल्यावर घेतलेले निर्णय. भिंत फोडून झाल्यावर नळाची जागा बदलली, तर तोडणे, बांधणे आणि मजुरी असा तिहेरी भुर्दंड बसतो. म्हणून हातोडा पडण्यापूर्वी सर्व गोष्टी ठरवून लिहून काढणे हा खर्च रोखण्याचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

आधी काय, नंतर काय?

कामांची यादी तीन गटांत करावी. पहिल्या गटात टाळता न येणारी कामे: गळती, गंजलेले पाइप, जुनी वायरिंग, सुटलेले प्लास्टर. दुसऱ्या गटात सोयीची कामे: ओटा, कपाटे, फरशी. तिसऱ्या गटात सजावट: फॉल्स सीलिंग, शोभेचे दिवे, भिंतीवरील पॅनेल.

पैसे कमी पडले तर कात्री तिसऱ्या गटाला लावावी. वॉटरप्रूफिंगवर पैसे वाचवून महागडी टाइल बसवली आणि वर्षभरात खालच्या घरात पाणी झिरपू लागले, तर तीच नवी टाइल फोडावी लागते. त्यामुळे टाइल बसवण्याआधी बाथरूममध्ये किमान २४ तास पाणी साठवून खालच्या घराचे छत तपासावे.

परवानगी आणि इमारतीची रचना

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरबदल करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी लागते. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, अनामत रक्कम आणि राडारोडा ठेवण्याची जागा हे नियम तेव्हाच विचारून घ्यावेत. काम मध्येच थांबले तर खर्च वाढतो.

आरसीसी इमारतीत कॉलम, बीम आणि स्लॅब यांना धक्का लावता येत नाही. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत तर भिंतीच वरचा भार पेलतात. कोणतीही भिंत काढण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घ्यावे आणि महापालिकेची परवानगी लागते का, हे तपासावे. इंजिनिअरची फी पुढच्या नुकसानीपेक्षा कितीतरी कमी असते.

मोजमापातून अंदाजपत्रक

‘एकूण अमुक लाखांत करून देतो’ असा ठोक आकडा तुलनेसाठी निरुपयोगी असतो. प्रत्येक कामाचे माप, दर, साहित्याचा दर्जा आणि मजुरी वेगळी लिहिलेली हवी.

फरशीचे उदाहरण घेऊ. खोली १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी टाइल बहुधा ६०० मिलिमीटरची, म्हणजे सुमारे ३.८७ चौरस फुटांची असते. नुसत्या क्षेत्रफळासाठी ३१ टाइल लागतात. कापाकापी आणि तुटफुटीसाठी १० टक्के धरले की संख्या ३५ होते. बॉक्समध्ये ४ नग असतील तर ९ बॉक्स घ्यावे लागतात. टाइल नंतर कमी पडली, तर नव्या लॉटची छटा वेगळी निघू शकते. स्कर्टिंगचे माप वेगळे धरावे.

दरपत्रक वाचताना पुढील प्रश्न विचारावेत:

- दर केवळ मजुरीचा आहे की साहित्यासह?
- रंगाच्या मापातून दारे-खिडक्या वजा केल्या आहेत का? पुट्टी, प्रायमर आणि किती हात धरले आहेत?
- कपाटाचा दर दर्शनी मापावर आहे का? आतील लॅमिनेट, बिजागरी, चॅनेल आणि वरचा माळा त्यात येतो का?
- प्लायवूड कोणत्या प्रतीचे? सिंकखालच्या कपाटासाठी आयएस ७१० चिन्हाचे पाण्यात टिकणारे प्लायवूड योग्य. कोरड्या खोलीत आयएस ३०३ चालू शकते.
- तोडफोड, हमाली आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च कोणाचा?
- जीएसटी धरला आहे का? नोंदणीकृत ठेकेदाराच्या कामावर १८ टक्के कर लागतो. पाच लाखांच्या कामावर तो ९० हजार रुपये होतो.

किमान तीन ठेकेदारांकडून याच यादीवर दर मागवावेत. एखाद्याचा दर फारच कमी असेल, तर यादीतील काय वगळले आहे ते शोधावे.

कामाचा क्रम

साधारण क्रम असा: तोडफोड, प्लंबिंग आणि वायरिंगचे पाइप, वॉटरप्रूफिंग, फरशी, पीओपी, सुतारकाम, रंगाचा शेवटचा हात आणि शेवटी दिवे-नळ.

प्लास्टर करण्यापूर्वी प्रत्येक स्विच, गीझर आणि एसीची जागा भिंतीवर खडूने आखून घ्यावी. साधारणपणे दिव्यांसाठी १.५, सॉकेटसाठी २.५ आणि एसी-गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतात. नवे एसी बसवायचे असतील तर वीजजोडणीचा मंजूर भार पुरेसा आहे का, हेही पाहावे. भिंत बंद होण्यापूर्वी पाइप आणि वायरचे फोटो काढून ठेवले, तर पुढे दुरुस्तीच्या वेळी अंदाजाने भिंत फोडावी लागत नाही.

पैसे कसे द्यावेत?

मोठी उचल देऊन मोकळे होऊ नये. काम पूर्ण होत जाईल तसे हप्ते द्यावेत आणि सुमारे १० टक्के रक्कम त्रुटी दुरुस्त होईपर्यंत राखून ठेवावी. प्रत्येक वाढीव कामाचा दर आधी लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी ठरवावा. तोंडी होकार शेवटच्या बिलात वादाचे कारण ठरतो.

जुन्या घरात फरशीखाली काय निघेल सांगता येत नाही. त्यामुळे अंदाजाच्या १० ते १५ टक्के रक्कम राखीव असावी. पाच लाखांच्या कामासाठी ती ५० ते ७५ हजार होते. काही काळ बाहेर राहावे लागणार असेल, तर भाडे आणि सामान हलवण्याचा खर्च याशिवाय मोजावा. कर्ज घ्यायचे असल्यास सुरू असलेल्या गृहकर्जावरील टॉप-अप आणि वैयक्तिक कर्ज यांच्या व्याजदरांची तुलना करावी.

राखीव रक्कम सजावटीसाठी वापरायची नाही, हे घरातील सर्वांनी आधीच ठरवलेले बरे. ती उरली, तर सजावटीचा विचार काम संपल्यावरही करता येतो.