आखाड्याचा निवाडा आणि समितीचा निवाडा

सनदा, महजर व निवाडपत्रें ह्यांचा शोध घेणारे आपण आखाड्यांतील व मैदानांतील निवाड्यांकडे मात्र केवळ करमणूक म्हणून पाहतों. वस्तुतः महजर हातीं आला असतां आपण तीन प्रश्न विचारतों : निर्णय कोणी दिला, कोणत्या आधारानें दिला आणि कोणासमक्ष दिला. क्रीडासंस्थांच्या कारभाराची परीक्षाहि ह्याच तीन प्रश्नांनीं करितां येते, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

अकोले हें अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील प्रवरेच्या कांठचें तालुक्याचें गांव. अगस्ति ऋषींच्या स्थानामुळें तें प्रसिद्ध असून महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते. ह्या जिल्ह्यांत ग्रामदैवतांच्या यात्रांतून कुस्त्यांचा हगामा भरविण्याची चाल आहे. वर्गणी गांवची, व्यवस्था पंचांची. जोड सर्वांदेखत लावली जाते, इनाम पुकारलें जातें, आणि पाठ टेकली कीं नाहीं हें पंच ठरवितात तेव्हां भोंवतीं सारा गांव बसलेला असतो. जोड विजोड लागली तर लोक तेथल्या तेथें हाकाटी करितात. पंचांच्या मनांत भाऊबंदकी नसतेच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती मनांत असली तरी लपवून ठेवणें कठीण जातें. ह्या पद्धतींत उणीव एवढीच कीं, वर्गणीची वही सोडली तर लेखी असें फारसें मागें उरत नाहीं.

शहरांत खेळाचा कारभार समितीच्या खोलींत गेला आणि तो ‘समक्ष’ राहिला नाहीं. ह्याचें ठळक उदाहरण मुंबईचें आहे. तेथील हिंदु जिमखाना इ. स. १८९४ मध्यें स्थापन झाला. पुढें १९०७ पासून तिरंगी व १९१२ पासून चौरंगी क्रिकेट सामने होऊं लागले. हिंदु संघांतील डाव्या हाताचे गोलंदाज बाळू पालवणकर हे चर्मकार समाजांतील. पुण्यास प्रथम खेळत असतां त्यांस चहा बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत दिला जाई. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं जो संघ विलायतेस गेला, त्यांत बाळूंनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. तरीहि कर्णधारपद त्यांस मिळालें नाहीं. १९१३ सालीं कर्णधार झालेल्या एम. डी. पै ह्यांनींच तो मान ज्येष्ठ बाळूंचा होता, असें जाहीरपणें सांगितलें.

१९२० सालीं पै आजारी पडले. तेव्हां बाळूंस डावलून, वयानें व अनुभवानें लहान अशा दि. ब. देवधरांकडे नेतृत्व सोंपविण्यांत आलें. देवधरांच्या खेळाविषयीं शंका नव्हती; प्रश्न निवडीच्या आधाराचा होता. बाळूंचे बंधु विठ्ठल व शिवराम हे संघांतून बाहेर पडले आणि आपलें निवेदन त्यांनीं वृत्तपत्रांतून लोकांपुढें मांडलें. शेवटीं तडजोड होऊन पै कर्णधार व बाळू उपकर्णधार असें ठरलें आणि दोघे बंधु परत आले. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या संघानें युरोपियनांचा पराभव केला. त्यांचें ‘माझे क्रीडा-जीवन’ हें आत्मवृत्त १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या काळाच्या अभ्यासकास तें टाळतां येणार नाहीं.

आमच्या मतें पालवणकर बंधूंनीं केलें तें हगाम्यांतील प्रेक्षक करितात तेंच होय. खोलींतील निवड त्यांनीं चव्हाट्यावर आणिली. परंतु त्यासाठीं त्यांस स्वतःचा खेळ पणास लावावा लागला. जेथें दाद मागण्याचा मार्ग संस्थेच्या आंत नसतो, तेथें गुणी माणसापुढें निमूट बसणें किंवा निघून जाणें, हे दोनच पर्याय उरतात.

हा मार्ग संस्थेच्या घटनेंत असावा, ही जाणीव कायद्यांत उतरण्यास पुष्कळ काळ लागला. न्यायमूर्ति लोढा समितीच्या बहुतेक शिफारशी सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मान्य केल्या. त्यांत क्रिकेट मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधि असावा व पदाधिकाऱ्यांच्या परस्परविरोधी हितसंबंधांस आळा बसावा, हीं कलमें होतीं. २०२५ सालीं संसदेनें केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानें कार्यकारी समितींत नामवंत खेळाडूंस व स्त्रियांस स्थान दिलें असून वादांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे.

तथापि लेख नसेल तर न्यायाधिकरण तरी काय वाचणार? निवडीचीं कारणें, मतें व विरोध हीं सभेच्या इतिवृत्तांत नोंदलीं गेलीं पाहिजेत. संग्राहकांचें कर्तव्य येथेंच सुरू होतें. तालमींच्या ठरावबह्या, हगाम्यांचीं हस्तपत्रकें, इनामांच्या याद्या व वर्गणीच्या वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवाव्या, आणि त्या कोणत्या घरीं, कोणत्या गांवीं मिळाल्या ह्याची नोंद त्याच दिवशीं करावी. अकोल्यासारख्या तालुक्यांतील अशी एखादी जीर्ण वही दप्तरांत दाखल झाली, तर तिचें मोल एखाद्या महजराहून कमी मानूं नये.